संशयनदीचा प्रवासी

सन १९१४ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षांच्या शिक्षेचा अखेरचा हिस्सा भोगीत असता, तेथून कित्येक हजार मैलांवर ब्राझील देशाच्या अरण्यात, ज्याने साडेसात वर्षे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा कारभार हाकला होता असा एक पंचावन्न वर्षांचा, स्थूल, चष्मा लावणारा आणि कमालीचा हट्टी गृहस्थ, जिचा उगम माहीत होता पण जी पुढे कोठे जाते हे नकाशे करणाऱ्यांपैकी कोणासही माहीत नव्हते अशा एका नदीवरून, कोरलेल्या खोडांच्या होड्यांतून वाहत चालला होता. त्याचे नाव थिओडोर रूझवेल्ट. हे नाव पुण्याला अपरिचित होते असे नाही. रशिया व जपान यांच्यातील युद्धाचा तह १९०५ साली पोर्ट्‌स्मथ येथे त्याच्याच मध्यस्थीने झाला होता, आणि ज्या युद्धातील जपानी विजयाने आपल्याकडील सुशिक्षितांची छाती फुगली होती ते युद्ध थांबविल्याबद्दल पुढल्याच वर्षी त्यास शांततेचे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. परंतु याच गृहस्थाने १८ जानेवारी १९०९ रोजी, म्हणजे टिळकांना मंडालेस नेऊन पुरते चार-पाच महिनेही झाले नव्हते अशा वेळी, वॉशिंग्टनमधील एका मेथॉडिस्ट चर्चमध्ये भरलेल्या सभेत हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्याची मुक्तकंठाने स्तुती केली आणि ते राज्य म्हणजे गोऱ्या वंशाच्या कर्तृत्वाचा एक थोर नमुना होय असा निर्वाळा दिला. दडपशाहीच्या त्या दिवसांत सरकारपक्षाला असले प्रशस्तिपत्र हवेच होते. आपल्या देशाच्या रानावनांवर आणि पशुपक्ष्यांवर इतके उत्कट प्रेम करणाऱ्या माणसाला परक्या मुलखातील माणसांच्या आकांक्षा इतक्या कमी कळाव्या, हे कोडे त्याच्या चरित्रात पदोपदी आडवे येते. आणि ते सोडविण्याच्या कामी त्याच्या अध्यक्षीय कारकिर्दीपेक्षा ब्राझीलमधील त्या दोन महिन्यांचा अधिक उपयोग होतो, असे माझे मत आहे.

त्याचे पूर्वचरित्र थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. जन्म १८५८ सालचा, न्यूयॉर्कमधील संपन्न घराण्यातला. बालपणी दम्याने जर्जर झालेला. पक्षी मारून त्यांच्या कातड्यांत मसाला भरून ठेवण्याचा छंद दहाव्या-बाराव्या वर्षापासूनचा. १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी, एकाच घरात, त्याची आई आणि त्याची तरुण पत्नी अशा दोघीही निवर्तल्या, आणि ते दुःख गिळण्याकरिता तो डाकोटाच्या ओसाड माळांवर गुरे पाळावयास निघून गेला. दुःखाचा डोंगर कोसळला की कोठेतरी अवघड जागी जाऊन देहाला शिणवावयाचे, ही त्याची पुढे जन्मभराची रीत झाली. त्या माळांवर काही वर्षांपूर्वी लाखोंनी चरणारे गवे बंदुकीने कसे नामशेष झाले ते त्याने डोळ्यांनी पाहिले. आणि स्वतः अट्टल शिकारी असूनही, किंबहुना शिकारी असल्यामुळेच, शिकार टिकवावयाची तर रान राखले पाहिजे या निष्कर्षास तो आला. १९०१ च्या सप्टेंबरात अध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाला आणि उपाध्यक्ष असलेला रूझवेल्ट वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अध्यक्षपदावर आला.

तुळशीबागेत आजही जे मऊ कापसाचे अस्वल ‘टेडी’ या नावाने विकले जाते, ते याच अध्यक्षाच्या लाडक्या नावावरून. १९०२ च्या नोव्हेंबरात मिसिसिपीच्या जंगलात शिकाऱ्यांनी एक अस्वल पकडून झाडास बांधले आणि अध्यक्षांनी त्यावर गोळी झाडावी अशी विनंती केली; बांधलेल्या जनावरावर बंदूक चालविणे हे शिकाऱ्याच्या धर्मात बसत नाही म्हणून त्याने नकार दिला; वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले, खेळणी निघाली आणि जगभरच्या पोरांना अस्वल मिळाले. कथेचा उत्तरार्ध मात्र खेळण्यांच्या दुकानांत कोणी सांगत नाही. ते अस्वल कुत्र्यांशी झालेल्या झटापटीत घायाळ झाले होते, आणि त्याचे हाल संपवावे म्हणून रूझवेल्टच्याच सांगण्यावरून ते सुरीने मारण्यात आले. या माणसाची दया खरी होती. पण तिला शिकाऱ्याच्या शिष्टाचाराची चौकट होती, आणि त्या चौकटीबाहेरचे तिला दिसत नसे.

राज्यकर्ता म्हणून त्याने जंगलांसाठी जे केले ते आकड्यांत सांगितले तरी छाती दडपते. दीडशे राष्ट्रीय वने, एक्कावन्न पक्षी-अभयारण्ये, अठरा राष्ट्रीय स्मारके, पाच राष्ट्रीय उद्याने. सर्व मिळून सुमारे २३ कोटी एकर भूमी त्याच्या अमदानीत सरकारी संरक्षणाखाली आली. १९०७ साली सिनेटमधील लाकूड-व्यापाऱ्यांच्या कैवाऱ्यांनी, वायव्येकडील सहा संस्थानांत अध्यक्षाने यापुढे नवी जंगले राखून ठेवू नयेत असे कलम एका खर्चाच्या विधेयकात घुसविले. विधेयकावर सही करण्यास जी थोड्या दिवसांची मुदत होती तेवढ्यात रूझवेल्ट आणि त्याचा वनाधिकारी गिफर्ड पिंशो यांनी रात्रीचा दिवस करून, नकाशे जमिनीवर पसरून, १ कोटी ६० लाख एकरांचे जाहीरनामे तयार केले, त्यांवर सह्याशिक्के केले, आणि मग त्या विधेयकावर शांतपणे सही केली. हुकमाच्या जोरावर लोककल्याण साधण्याची ही तऱ्हा आपल्या देशी राजेरजवाड्यांना चांगली समजली असती.

या पिंशोची विद्या कोठून आली हे पाहू लागले म्हणजे गोष्ट एकदम आपल्या दारात येते. अमेरिकेत वनशास्त्र शिकविणारे कोणी नव्हते म्हणून पिंशो १८८९ साली युरोपात गेला आणि तेथे त्यास जो गुरू लाभला तो होता डीट्रिश ब्रॅण्डिस. जर्मनीतल्या बॉनचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ मध्ये पेगूच्या सागवानी रानांचा अधिकारी म्हणून ब्रह्मदेशात आला आणि १८६४ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. आमच्या इलाख्यात तर हे खाते त्याच्याही आधी उघडले होते. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन याला १८४७ साली मुंबई इलाख्याचा जंगल-संरक्षक नेमण्यात आले होते. रान मोजावे, त्याची हद्द आखावी, ते सरकारजमा करावे, शास्त्रीय पद्धतीने त्याचे उत्पन्न घ्यावे आणि ज्यांचे पूर्वापार त्यावर पोट आहे त्यांना हक्काऐवजी सवलत द्यावी, अशी ही व्यवस्था. आणि १८७८ च्या जंगल कायद्याने तिला पुरते दात फुटले. ब्रॅण्डिस स्वतः त्या कायद्याच्या वादात गावकऱ्यांचे काही हक्क राखावे या मताचा होता. त्याचे चालले नाही.

या कायद्याला स्पष्ट हरकत घेणाऱ्यांत पुण्याची सार्वजनिक सभा होती. जंगल टिकवावयाचे असेल तर रयतेला गुन्हेगार न ठरविता विश्वासात घ्या, तिचा हितसंबंध रानात ठेवा म्हणजे ती आपण होऊन ते राखील, असा तिच्या अर्जाचा आशय होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८३ साली, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, आणि गावची गायराने, डोंगर व दऱ्याखोरी जंगलखात्याने गिळंकृत केल्यामुळे गोरगरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरावयास जागा उरली नाही, ही तक्रार सभेच्या अर्जापेक्षा कितीतरी कडक भाषेत मांडली. पिंशोने बॉनमध्ये आणि रूझवेल्टने पिंशोकडून जी विद्या घेतली, तिची ही दुसरी बाजू पुण्यातल्या माणसांनी पिंशोने ती विद्या अमेरिकेत नेण्यापूर्वीच लिहून ठेवली होती. सार्वजनिक सभेचे म्हणणे कायद्याच्या भाषेत यावयास मात्र २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला आपल्या रानावरचा सामूहिक हक्क १८७८ च्या कायद्यानंतर एकशे एकतीस वर्षांनी मिळाला.

अध्यक्षपद सोडल्यावर रूझवेल्ट मुलगा केर्मिट यास घेऊन आफ्रिकेत गेला आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयासाठी नमुने जमविण्याच्या निमित्ताने बापलेकांनी मिळून ५१२ मोठी जनावरे मारली. त्यांत १७ सिंह आणि ११ हत्ती होते. आजच्या वाचकाला हे वाचून शहारे येतात. त्या काळच्या शास्त्रज्ञाला त्यात काही विपरीत वाटत नव्हते, आणि ज्यांना वाटत होते त्यांचा आवाज लहान होता. १९१२ साली तो नवा पक्ष काढून पुन्हा अध्यक्षपदास उभा राहिला. मिल्वॉकी शहरात एका माथेफिरूने त्याच्या छातीत गोळी घातली. खिशातील भाषणाची जाड चळत आणि चष्म्याचे धातूचे घर यांमुळे ती खोल गेली नाही, आणि हा पठ्ठा रक्ताने भिजलेल्या सदऱ्यानिशी सुमारे दीड तास बोलला. तरीही तो हरला. मग जुन्या रीतीप्रमाणे त्याला अवघड जागेची ओढ लागली.

दक्षिण अमेरिकेतून व्याख्यानांची निमंत्रणे आली होती. ती देता देता ओळखीच्या एकदोन नद्यांवरून फिरावे आणि न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकरिता पक्षी व प्राणी गोळा करावे, एवढाच मूळ बेत होता. रिओ येथे १९१३ च्या ऑक्टोबरात ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री लाउरो म्यूलर यांनी त्याच्यासमोर दुसराच विडा ठेवला: कर्नल कांदिदो रोन्दोन यांनी चार वर्षांपूर्वी तारेचे खांब रोवताना एका नदीचा उगम पाहिला आहे, ती कोठे जाऊन मिळते याचा संशय असल्यामुळे तिचे नावच संशयनदी असे ठेवले आहे, तर आपण दोघे मिळून ती उतरून पाहावी. रूझवेल्टने हा विडा तेथल्या तेथे उचलला. संग्रहालयाचे प्रमुख ऑझबर्न यांना ही वार्ता कळताच त्यांनी या साहसाची जबाबदारी घेण्यास आपण तयार नसल्याचे कळविले; त्यावर आपली हाडे दक्षिण अमेरिकेतच ठेवावी लागली तरी त्यालाही आपली ना नाही, अशा अर्थाचे उत्तर गेले.

या कथेत रोन्दोन याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. इंग्रजी पुस्तकांतून ते पुष्कळ दिवस होत आले आहे. मातो ग्रोसो प्रांतातला हा पोरका मुलगा आईच्या बाजूने आदिवासी रक्ताचा होता. लष्करात शिकून तो अधिकारी झाला आणि उभी हयात त्याने ब्राझीलच्या अंतर्भागात तारायंत्राचे खांब रोवण्यात घालविली. त्या रानांतील टोळ्यांनी त्याच्या माणसांवर बाण सोडले तरी उलट गोळी झाडावयाची नाही, प्रसंगी मरावे पण मारू नये, असा त्याचा सक्त हुकूम होता आणि त्या हुकमापायी त्याची कित्येक माणसे खरोखर मेली. १९१० साली आदिवासींच्या संरक्षणासाठी सरकारी खाते निघाले त्याचा तो पहिला प्रमुख. रूझवेल्टने आयुष्यभर ज्यांना उत्क्रांतीच्या शिडीवरच्या खालच्या पायरीचे लोक मानले, त्यांच्यातलाच एक येथे त्याचा बरोबरीचा सरदार, आणि कित्येक बाबतींत वरिष्ठ, होऊन बसला होता.

१९१४ च्या जानेवारीत तापिरापोआँ या ठाण्यापासून खेचरे आणि बैल यांचा तांडा पठारावरून निघाला आणि उगमाशी पोचेपर्यंत पाच आठवड्यांत कितीतरी जनावरे वाटेत पडली, कितीतरी पेट्या टाकून द्याव्या लागल्या. याच वाटेवर एक लहानसा प्रसंग घडला, तो मला साऱ्या मोहिमेची किल्ली वाटतो. रूझवेल्टचा स्नेही फादर झाम हा वृद्ध धर्मोपदेशक या प्रवासाचा मूळ प्रेरक. त्याला चालवेना, तेव्हा पारेसी जमातीच्या माणसांनी आपणांस खुर्चीत बसवून खांद्यावरून न्यावे असे त्याने सुचविले, आणि पाद्र्याला खांदा देण्यात त्या लोकांना भूषणच वाटेल असेही वर सांगितले. रोन्दोनने साफ नकार दिला. माणसाने माणसाला वाहून नेणे त्याच्या तत्त्वांत बसत नव्हते. आमच्याकडे महाबळेश्वर-माथेरानला साहेबांच्या मडमा खुशाल खुर्च्यांतून वर जात असत त्या काळातली ही गोष्ट आहे. झाम यांची रवानगी परत करण्यात आली, आणि त्या निर्णयावर रूझवेल्टनेही आपली संमती दिली.

२७ फेब्रुवारीस दुपारी सात होड्या पाण्यात लोटल्या. त्यांपैकी दोन जुन्या, पाणी मुरलेल्या आणि गळक्या होत्या. माणसे बावीस: रूझवेल्ट, केर्मिट, पक्षिशास्त्रज्ञ जॉर्ज चेरी, ब्राझीलच्या बाजूने रोन्दोन, त्याचा सहायक लेफ्टनंट लिरा, डॉक्टर काझाझेइरा, आणि होड्या वल्हविणारे, रान तोडणारे, ओझी वाहणारे सोळा कामकरी. रोन्दोनला ही नदी केवळ उतरावयाची नव्हती, मोजावयाची होती. त्याकरिता केर्मिटने पुढे जाऊन काठावर खुणेची काठी धरून उभे राहावे आणि मागून लिराने अंतर घ्यावे अशी व्यवस्था ठरली, आणि पहिल्या अर्ध्या दिवसात त्या बिचाऱ्याला जवळजवळ शंभर वेळा काटेरी, मुंग्यांनी भरलेल्या तीरावर उतरावे लागले. रूझवेल्टला ही मोजणी असह्य होत चालली. शिधा दिवसागणिक कमी होत होता, आणि तो शास्त्रापेक्षा बापाच्या दृष्टीने अधिक पाहू लागला होता.

चौथ्या दिवशी पहिला धबधबा लागला आणि त्यानंतर त्यांना अंत राहिला नाही. प्रत्येक धबधब्याशी होड्या रिकाम्या करावयाच्या, जंगलातून वाट तोडावयाची, तीवर ओंडके आडवे घालून दोरखंड व कप्पी लावून होड्या ओढावयाच्या, सामान डोक्यावरून न्यावयाचे, आणि हे सारे अशा पावसात की अंगावरचा कपडा दिवसेंदिवस वाळत नसे. वाळवीने कपडे खाल्ले, डासांनी व चावऱ्या माशांनी हातपाय सुजले. तशाही स्थितीत हा माजी अध्यक्ष डोक्यावर जाळी आणि हातांत लांब मोजे घालून रोज संध्याकाळी एका मासिकासाठी करारानुसार लेख लिहीत बसे. पुण्यातल्या कोणत्याही संपादकाने हे वाचून आपल्या लेखकांना ऐकवावे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री नदी चढली आणि दोन होड्या वाहून फुटल्या. झाड कोरून नवी होडी घडविण्यात दिवस गेले. १५ मार्चला केर्मिटची होडी पाणलोटात सापडली. तो कसाबसा काठाशी लागला, पण त्याच्याबरोबरचा सिंप्लिसिओ नावाचा कामकरी पुन्हा वर आला नाही. आपण थांबावयास सांगितले असता केर्मिट पुढे गेला, असे रोन्दोनने पुढे लिहून ठेवले. रूझवेल्टच्या पुस्तकात हा ठपका नाही. दुसऱ्या दिवशी रोन्दोनचा लोबो नावाचा कुत्रा बाणांनी मारलेला आढळला. ज्यांचे ते बाण होते ते सिंता लार्गा लोक कित्येक दिवस झाडीतून या तांड्याबरोबर चालले होते आणि तांड्यातल्या कोणालाही ते एकदाही दिसले नाहीत. त्यांच्या रिवाजाप्रमाणे युद्धाचा निर्णय सर्वांच्या संमतीवाचून होत नसे, आणि या विचित्र पाहुण्यांविषयी त्यांचे एकमत झाले नाही असे त्यांच्या वंशजांकडून पुढे समजले. असे असेल तर अमेरिकेचा एक माजी अध्यक्ष अरण्यातल्या एका अज्ञात पंचायतीतील मतभेदामुळे वाचला असे म्हणावे लागते. रोन्दोनने मेलेल्या कुत्र्याच्या जागी कुऱ्हाड आणि मणी ठेवले आणि तो पुढे निघाला. १८ मार्चला त्याने सर्वांना रांगेत उभे करून सरकारी हुकूम वाचून दाखविला, आणि संशयनदीचे नाव रूझवेल्ट नदी असे झाले.

मार्चच्या अखेरीस अडकलेल्या होड्या सोडविण्याकरिता रूझवेल्ट स्वतः पाण्यात उतरला. पाय दगडावर आपटून फाटला, जखम चिघळली, आणि त्यावर हिवतापाने घेरले. तापाच्या भरात कुबलाखानाच्या महालावरील कोलरिजच्या कवितेच्या ओळी तो पुनःपुन्हा पुटपुटत होता, असे केर्मिटने सांगितले आहे. अशा प्रवासात तो नेहमी जीव देण्यापुरते मॉर्फीन जवळ बाळगी. आपल्या ओझ्याने सर्वांचा जीव जाण्यापेक्षा आपणांस येथेच सोडून पुढे जा, असे त्याने सांगितले. पण केर्मिटच्या चेहऱ्यावरून त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली: हा मुलगा आपल्याला जिवंतपणी मागे सोडून जाणार नाही, आणि मेलो तर प्रेतही मागे ठेवणार नाही, जिवंत माणसापेक्षा प्रेत वाहून नेणे अधिक कठीण. तेव्हा जगणे हेच कर्तव्य ठरले.

३ एप्रिलला जुलिओ नावाच्या एका कामकऱ्याने शिधा चोरताना सापडल्याच्या रागाने पैशाँव या मुकादमाला कारबाइनने ठार केले आणि तो रानात पळाला. येथे दोन सरदारांत तीव्र मतभेद झाला. रूझवेल्टच्या मते असल्या माणसाला दिसताक्षणी गोळी घालावी. रोन्दोनच्या मते ब्राझीलच्या कायद्यात देहान्तशासन नाही, त्याला पकडून न्यायासनापुढे उभे केले पाहिजे. तीन दिवसांनी जुलिओ काठावर येऊन होडीत घेण्याची याचना करू लागला. होड्या थांबल्या नाहीत. पुढे मुक्काम पडल्यावर रोन्दोनने त्याच्या शोधार्थ माणसे मागे पाठविली, रूझवेल्टचा संताप ओढवून घेऊन एक दिवस खर्ची घातला, आणि जुलिओ सापडला नाही. अन्न संपत आलेल्या, नायक तापाने फणफणलेल्या तांड्यात कायद्याचा एवढा आग्रह धरणे हा वेडेपणा की थोरपणा, याचा निवाडा चरित्रकार अजून करीत आहेत. मला तो थोरपणाच वाटतो. पण त्या होडीत माझा मुलगा नव्हता.

एप्रिलच्या मध्यास काठावर रबराचा चीक काढणाऱ्यांच्या खुणा दिसू लागल्या, मग झोपड्या. तेथले लोक यांना पाहून आदिवासींचा हल्ला आला असे समजून पळाले. तेथेच काठावर डॉक्टरने रूझवेल्टच्या पायातील गळू भुलीचे औषध न देता चिरले; रुग्णाने तोंडातून आवाज काढला नाही. २६ एप्रिलला दोन्ही राष्ट्रांची निशाणे लावून वाट पाहत असलेली मदतीची तुकडी भेटली आणि ३० तारखेस मंडळी मानाउस येथे पोचली. बाविसांपैकी एकोणीस परत आले. न आलेले तिघेही कामकरी होते. रूझवेल्टचे वजन सुमारे पंचावन्न पौंडांनी घटले होते.

मे महिन्यात न्यूयॉर्कला उतरताच त्याच्यापुढे निराळाच धबधबा उभा राहिला. लंडनमधील भूगोलज्ञ सर क्लेमेंट्स मार्कम आणि प्रवासी सॅव्हेज लॅन्डोर यांनी अशी नदी असूच शकत नाही असे सुचविले. वॉशिंग्टनच्या भूगोल संस्थेपुढे आणि जूनमध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे त्याने काठीवर टेकत व्याख्याने देऊन शंकेखोरांची तोंडे बंद केली. येथे रोन्दोनच्या त्या कंटाळवाण्या मोजणीची किंमत कळली. आकडे नसते तर केवळ शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता. १९२७ साली जॉर्ज डायट याने तीच नदी उतरून त्या कथनाची खातरजमा केली. तिकडे १९१४ च्या त्याच जून महिन्यात टिळकांना मध्यरात्री पुण्यास गायकवाडवाड्यात आणून सोडण्यात आले आणि दोन महिन्यांच्या आत युरोपात महायुद्ध पेटले. त्या युद्धात रूझवेल्टचा धाकटा मुलगा क्वेन्टिन हवाई लढतीत विमान पाडले जाऊन मेला. अरण्यातला ताप रूझवेल्टला पुढे अधूनमधून गाठीतच राहिला, आणि ६ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, झोपेत त्याचा अंत झाला.

त्याच्या वारशाचा हिशेब अमेरिकेत आजतागायत मिटलेला नाही. ज्या वनांचे जाहीरनामे त्याने काढले त्यांतली पुष्कळशी भूमी मूळ रहिवाशांशी केलेल्या तहनाम्यांची होती, किंवा त्यांच्याकडून आदल्याच पिढीत घेतलेली. १९०८ साली मॉन्टाना प्रांतात गव्यांसाठी जे राखीव कुरण काढले ते सॅलिश व कूटेनाय जमातींच्या राखीव मुलखातून कापून. गवे वाचले हे खरे, पण ज्या कळपाचे ते वंशज होते तो कळप त्या भागातल्या आदिवासी माणसांनीच पाळून वाढविला होता. ते कुरण त्या जमातींकडे २०२० च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने परत गेले. न्यूयॉर्कच्या ज्या संग्रहालयासाठी त्याने ब्राझीलची मोहीम केली, त्याच्याच दारात १९४० पासून त्याचा घोड्यावरचा पुतळा होता आणि घोड्याच्या दोन बाजूंना एक आदिवासी व एक आफ्रिकी पुरुष पायी चालताना दाखविले होते. २०२२ च्या जानेवारीत तो तेथून हलविण्यात आला. ज्यांना हा अन्याय वाटतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे की संग्रहालयातून त्याचे नाव पुसले गेले नाही. घोडा, त्यावरचा स्वार आणि खाली चालणारे दोघे ही मांडणी तेवढी नाकारण्यात आली. माझ्या मते ते योग्य झाले, आणि पक्षी-अभयारण्यांचे श्रेय त्याने उणे होत नाही.

रोन्दोनचा हिशेबही तितकाच गुंतागुंतीचा आहे. त्याने प्राणपणाने उभारलेली तार बिनतारी संदेशांच्या शोधामुळे लवकरच निरुपयोगी ठरली. परंतु तिच्यासाठी तोडलेल्या वाटेच्याच धोरणाने पुढे मोठा राजमार्ग बांधण्यात आला, त्यावरून लाखो वसाहतवाले आले, आणि ज्या प्रांताला १९५६ साली त्याच्या सन्मानार्थ रोन्दोनिया हे नाव देण्यात आले तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलतोडीचे ठळक उदाहरण होऊन बसला. त्याने स्थापिलेले आदिवासी-संरक्षणाचे खाते पुढे इतके सडले की अधिकाऱ्यांचे अत्याचार चव्हाट्यावर आल्यानंतर १९६७ साली ते बरखास्त करावे लागले. ज्या सिंता लार्गांनी होड्यांवर बाण सोडले नाहीत, त्यांच्या एका वस्तीची १९६३ साली रबराच्या धंदेवाल्यांनी पाठविलेल्या टोळीने कत्तल केली. आज त्यांच्या भूमीच्या एका हिश्श्याला सरकारदप्तरी रूझवेल्टचेच नाव आहे. त्या हिश्श्यात हिरे सापडले, बाहेरचे खाणवाले घुसले, आणि २००४ च्या एप्रिलात सिंता लार्गांनी त्यांपैकी एकोणतीस जणांना ठार केले. त्या भूमीत बाहेरच्यांना खाणकाम करण्यास कायद्याने मनाई आहे. हिरे मात्र तेथून बाहेर येतच राहिले.